गोळी मागायच्या आधी पोराचं वजन सांगा

ताप आला की आईबाप पॅरासिटामॉल किती एमएल द्यायचं हे दोनदा विचारतात, टोपणावरच्या रेघा उजेडात धरून बघतात, रात्री फोन करून परत खात्री करतात. पण तेच पोरगं नायटा, म्हणजे कातडीवरची बुरशी, झाला म्हणून मांडी खाजवत बसलं की कुणी काहीच विचारत नाही. घरात बापाची नाहीतर मोठ्या भावाची अर्धी राहिलेली स्ट्रिप असते, त्यातली एक गोळी द्यायची, वरून ट्यूब चोळायची, आठ दिवसात गेलं तर गेलं नाहीतर अजून एक स्ट्रिप आणायची. मी फार्मसिस्ट आहे, कोल्हापुरातच मेडिकलच्या काउंटरवर बसतो आणि हे रोज बघतो म्हणून लिहायलोय. माझं म्हणणं एवढंच आहे की चिठ्ठीवर लहान मुलाचं वजन लिहिलेलं नसेल तर त्याच्यासाठी बुरशीवरची पोटात घ्यायची कुठलीही गोळी दुकानातून बाहेर जायला नको, आणि हे डॉक्टर, मेडिकलवाले आणि सरकार ह्या तिघांनी पक्कं करायचं आहे, आईबापांना अडाणी म्हणून मोकळं होणं हे उत्तर नाही.

ओव्हरडोस म्हटलं की आपल्याला वाटतं पोरानं अख्खी बाटली तोंडाला लावली आणि मग रिक्षा, सीपीआर हॉस्पिटल, धावपळ. तसंही होतं. पण बुरशीच्या औषधांचा जास्तीचा डोस बऱ्याचदा हळूहळू जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. रोज थोडी जास्त, तीन आठवड्यांचं औषध दोन महिने, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज एक, किंवा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवरची दोन वेगळ्या नावांची औषधं आणि आत घटक मात्र एकच. ह्यातलं काही पोलीस केस होत नाही, पेपरात येत नाही, मुलगा फक्त जेवायचं कमी करतो आणि आई म्हणते हल्ली लई नाटकं करतोय.

आपल्या भागात हा त्रास एवढा का आहे ते सांगायला डॉक्टर लागत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, शाळेचा युनिफॉर्म ओलाच अंगावर चढतो, बुटात पाणी, राधानगरी गगनबावड्याकडं तर ऊन दिसायचं म्हणजे सण. पंचगंगेला पूर आला की अजून वेगळंच, २००५ ला बघितलं, २०१९ ला बघितलं, २०२१ ला परत बघितलं, पाणी उतरल्यावर चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची माणसं ओल धरलेल्या घरात, दमट अंथरुणात दिवस काढतात आणि मग पायाच्या बोटांपासून जांघेपर्यंत सगळ्या घराला खाज. एका घरात एकाला झालं की टॉवेल एक, चादर एक, मग सगळ्यांना होतंच.

आणि तालमी. कोल्हापूरची शान आहे ती, त्यात वादच नाही. पण तालमीतल्या खोलीत एकदा नीट बघा. दहा-बारा वर्षांची पोरं गावाकडून येऊन राहिलेली असतात, एका दोरीवर सगळ्यांचे लंगोट, पावसात तेही अर्धेओलेच, घाम पुसायचं फडकं ज्याच्या हाताला लागेल ते. कुस्तीत मान, खांदा, कोपर घासतं आणि नेमके तिथंच गोल गोल चट्टे, कडेला लाल आणि मधे फिकट. एकदा एक पैलवान असाच एका बारक्याला घेऊन आला, स्वतः नव्वदच्या पुढचा असेल, पोरगं तिसाच्या आसपास, आणि म्हणाला, "माझी जी चालू हाय तीच ह्याला बी द्या की, माझं तर पंधरा दिवसात गेलंय." त्याची चालू होती टर्बिनाफिन पाचशेची. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट बारक्याची काळजी होती म्हणूनच स्वतःच्या पैशानं घ्यायला आला होता. पण खुराकाचा हिशोब वजनावर करणारी ही माणसं, दूध किती, बदाम किती, जोर किती बैठका किती सगळं पोराच्या अंगाप्रमाणं, औषधाला मात्र तो हिशोब कुणी लावत नाही.

म्हणून तो हिशोबच इथं मांडतो. टर्बिनाफिन मुलांना देताना सर्वसाधारणपणे असं धरतात की वजन २० किलोच्या खाली असेल तर दिवसाला ६२.५ मिलिग्रॅम, २० ते ४० किलोमधे १२५, आणि ४० च्या वर गेलं की मोठ्या माणसाएवढी, म्हणजे २५०. बाजारात गोळी २५० ची मिळते आणि ५०० चीही मिळते. आता पहिलीतलं १८ किलोचं पोरगं धरा, त्याला घरातली अडीचशेची दिली तर चौपट झाली, पाचशेची दिली तर आठपट. एकदा नाही, रोज. आणि हे आकडे मी घरी गोळी तोडून द्या म्हणून लिहिलेले नाहीत, फरक केवढा पडतो ते कळावं म्हणून लिहिलेत, किती द्यायची, किती दिवस द्यायची आणि द्यायची का नाही हे डॉक्टरनंच ठरवायचं. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलमधे तर बारीक दाणे असतात, ती उघडून अर्धी बारक्याला अर्धी मोठ्याला असं करणारे लोक आहेत, त्यात कुणाला किती गेलं हे देवालाच माहीत. त्यातही हल्ली साध्या १०० च्या कॅप्सूलशेजारी ५० आणि ६५ च्या नव्या आल्यात ज्या शरीरात जास्त शोषल्या जातात, म्हणजे आकडा लहान दिसला म्हणून औषध सौम्य असं अजिबात नाही.

फ्लुकोनाझोलची गोष्ट वेगळी. १५० ची गोळी, आठवड्यातून एक, हे मोठ्यांच्या नायट्यासाठी सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. मुलांना ती किलोवर मोजून देतात. हे औषध अंगात लवकर संपत नाही, मोठ्या माणसातसुद्धा निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात, आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या किडन्या तर इतक्या कोवळ्या असतात की पहिल्या दोन आठवड्यांत हे औषध द्यायची वेळ आली तर दोन डोसमधे ७२ तासांचं अंतर ठेवतात. आता ह्यावर "आठवड्यातून एक" ऐवजी कुणी "रोज एक" ऐकलं, तर औषध साठत जाणार. जास्त डोस गेलेल्या माणसाला भास होणं, विनाकारण संशय येणं हे ह्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. पाच वर्षांचं पोरगं भास झाले म्हणून सांगणार कसं, ते रात्री किंचाळणार, आणि घरचे आधी दृष्ट काढणार.

सगळ्यात जास्त भीती लिव्हरची. हे खरं आहे की लिव्हर बिघडणं दुर्मिळ आहे, बहुतेक मुलं योग्य डोसवर काही न होता बरी होतात, मला कुणाला घाबरवायचं नाहीये. पण बरोबर डोसवरही कधीकधी जे होऊ शकतं त्याला आपण चौपट डोस देऊन आमंत्रण का द्यायचं. मुलाची भूक गेली, मळमळतंय, सारखं पडून राहतंय, लघवी गडद पिवळी तपकिरी दिसायला लागली, डोळ्यात पिवळेपणा आला तर गोळी तिथंच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर, उद्या बघू नाही. टर्बिनाफिननं तोंडाची चवही जाऊ शकते आणि औषध बंद केल्यावरही ती परत यायला कित्येक आठवडे लागू शकतात, कारण हे औषध कातडीत आणि चरबीत बराच काळ राहतं. जेवत नाही म्हणून पोराला मारणाऱ्या आया मी बघितल्यात, आधी विचारा की गेल्या महिन्यात काय गोळ्या चालू होत्या.

अजून एक गोष्ट जी फारच कमी लोकांना माहीत आहे. गोळीनं मळमळ झाली की घरातलं उलटीचं सिरप काढतात, त्यात बऱ्याचदा डॉम्पेरिडोन असतं. फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल चालू असताना डॉम्पेरिडोन द्यायचंच नाही, कारण ही औषधं लिव्हरमधे डॉम्पेरिडोनचा निचरा अडवतात, ते रक्तात वाढतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. म्हणजे एका औषधाचा त्रास घालवायला दुसरं दिलं आणि दोन्ही मिळून तिसरंच संकट. फिट येणाऱ्या मुलांचंही तसंच, फेनिटॉइन चालू असेल आणि वरून फ्लुकोनाझोल दिलं तर फेनिटॉइनची पातळी चढते, पोरगं झिंगल्यासारखं चालायला लागतं, डोळे थरथरतात. इथं फ्लुकोनाझोलचा डोस बरोबर असूनसुद्धा दुसऱ्या औषधाचा ओव्हरडोस झाला. म्हणून काउंटरवर आम्ही "अजून काय चालू आहे" असं विचारलं तर लोकांनी कृपा करून चिडू नये.

आता ट्यूबांकडं येतो, कारण माझ्या मते खरा गोंधळ तिथं आहे. लोक म्हणतात क्रीमच तर आहे, वरून लावायची, पोटात थोडीच जाते. मोठ्या माणसाच्या हातावर लावायची साधी क्लोट्रिमाझोलची क्रीम असेल तर हे बऱ्यापैकी बरोबर आहे. पण दुकानात येऊन "खाजेची भारी ट्यूब द्या" म्हटल्यावर जे हातात पडतं त्यात बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात, एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टिरॉइड, तेही क्लोबेटासॉलसारखं सगळ्यात तीव्र. स्टिरॉइडनं खाज दोन दिवसात बंद होते, लाली जाते, माणूस खूश. बुरशी मेलेली नसते, ती आतल्या आत पसरत असते, कारण तिला अडवणारी शरीराची ताकदच स्टिरॉइडनं दाबलेली असते. लावायचं बंद केलं की दुप्पट उठतं, मग परत ट्यूब. गोल चट्ट्याचा आकारही इतका बदलतो की नंतर स्किनच्या डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही.

बाळाच्या लंगोटाच्या जागेवर ही ट्यूब लावणं तर फारच वाईट. बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानानं कातडीचा पसारा मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त, वरून डायपर, म्हणजे औषध लावून प्लास्टिकनं झाकून टाकल्यासारखं, ते आत शोषलं जाणारच. क्लोबेटासॉल मोठ्यांनासुद्धा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नको असं सांगतात, आणि १२ वर्षांखाली ते वापरूच नये असं कंपन्या स्वतः लिहितात. इकडं सहा महिन्यांच्या बाळाला महिना-महिना लावलं जातं. मग काय होतं तर बाळाचे गाल वर येतात, चेहरा गोल गरगरीत होतो आणि बघायला येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, काय बाळसं धरलंय! ते बाळसं नसतं हो. ते स्टिरॉइड रक्तात गेल्याचं लक्षण असू शकतं, त्याच्यासोबत उंची वाढायची थांबते, बीपी वाढतं, आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरतं. अशा बाळाची ट्यूब महिन्यांनंतर एकदम बंद केली आणि त्यात त्याला जुलाब, न्यूमोनिया असं काही झालं तर ते अचानक ढासळू शकतं. म्हणून ज्यांनी आधीच खूप दिवस लावलीय त्यांनी हे वाचून ट्यूब फेकून देऊन गप्प बसू नये, बाळाला आणि ट्यूबला दोघांनाही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं जावं.

हे सरकारला माहीत नाही असं नाही. स्किनच्या डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना कोर्टात गेली होती, त्यानंतर मार्च २०१८ मधे १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमधे आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. औषधांच्या अशा बिनकामाच्या मिश्रणांवर २०१६ ला बंदी घातली, ३४४ मिश्रणं होती, कंपन्या कोर्टात गेल्या, मग तज्ज्ञांनी परत तपासून सप्टेंबर २०१८ मधे ३२८ वर बंदी आली, त्यात अशी बरीच मलमंही होती. कागदावर चांगलं झालं. दुकानात काय झालं तर बंदी आलेल्या मिश्रणाऐवजी एखादा घटक बदलून दुसरं मिश्रण आलं, बॉक्स तसाच, रंग तसाच, आणि गिऱ्हाईक अजूनही रिकामी ट्यूब दाखवून "हीच द्या" म्हणतं आणि मिळते.

बाळाच्या तोंडाचा विषय राहिलाच. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरं दिसलं की आपल्याकडं अजूनही टाकणखाराची लाही मधातून फिरवतात, आजीनं सांगितलंय म्हणून. आज्यांबद्दल मला आदर आहे, त्यांनी आपल्याला वाढवलंय, पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि तो बाळाच्या पोटात गेला की साठतो. उलट्या, जुलाब, अंग लाल होऊन कातडी सोलणं, झटके येणं, किडनी बंद पडणं इथपर्यंत जाऊ शकतं. बोरिक पावडरनं आणि बोरॅक्स-मधानं बाळं आजारी पडल्याच्या, बोरिक ॲसिडनं दगावल्याच्या नोंदी मागच्या शतकातल्या वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला नुसतासुद्धा द्यायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. मुळात आधी बघा की ते दूधच तर नाही, ओल्या मऊ कापडानं हळू पुसलं आणि निघालं तर दूध होतं, औषधाची गरजच नाही. निघत नसेल, गालाच्या आतही असेल, पुसल्यावर खाली लाल दिसत असेल तर दाखवा.

तोंडात लावायच्या औषधातही जपायला लागतं. मायकोनाझोलचं जेल चार महिन्यांच्या आतल्या बाळाला नको, ते चिकट असतं, घशात अडकून श्वास कोंडू शकतो. आणि क्लोट्रिमाझोलबद्दल तर मी हात जोडून सांगतो की बाटली नीट वाचा. एकाच नावाखाली क्रीम, पावडर, लोशन, कानाचे थेंब आणि तोंडात लावायचं औषध असं सगळं मिळतं, बाटल्या जवळजवळ सारख्या, रात्री दोनला बाळ रडतंय आणि लाईट नाही अशा वेळी कुठली हातात येईल सांगता येत नाही. कानाच्या थेंबात बऱ्याचदा लिग्नोकेन असतं, म्हणजे बधिर करायचं औषध. ते तान्ह्याच्या तोंडात गेलं तर फिट येऊ शकते, हृदयावर परिणाम होऊ शकतो. दात येताना हिरडीला लिग्नोकेन लावून बाळं गंभीर झाली म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१४ मधे त्यावर सगळ्यात कडक इशारा दिला होता. आमच्याकडच्या कानाच्या बाटलीवर हे असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की माझ्यासारख्या रोज वाचणाऱ्यालाही चष्मा वर करून बघावं लागतं.

बरं, जे बुरशी नाहीच त्यालाही ही औषधं चालतात. मुलांच्या गालावर फिकट पांढरे डाग येतात, आपल्याकडं सगळे म्हणतात पोटात जंत झालेत नाहीतर कॅल्शियम कमी पडलंय, मग जंताची गोळी झाली, कॅल्शियमचं सिरप झालं, तरी जात नाही म्हणून बुरशीची ट्यूब. ते डाग बहुतेक वेळा कोरड्या कातडीचे असतात, साधं मॉइश्चरायझर लावून आणि वेळ देऊन जातात. असल्या डागाला बुरशीच्या औषधाचा एक मिलिग्रॅमसुद्धा जास्तच आहे.

इथं कुणी म्हणेल की मग मुलांना ह्या गोळ्या द्यायच्याच नाहीत का. द्यायच्या, आणि पूर्ण द्यायच्या. डोक्यातला नायटा घ्या, केस तुटतात, चकंदळ पडतं, कधी पू भरल्यासारखी गाठ होते, तिथं नुसत्या क्रीमनं काही होत नाही कारण क्रीम केसाच्या मुळाशी पोचत नाही, गोळीच लागते, ग्रिसिओफुल्विन असेल तर सहा ते आठ आठवडे, तीही तूप-दूध असं काही स्निग्ध खाल्ल्यावर. आईनं घाबरून पंधरा दिवसात बंद केली तर आजार परत येणार आणि वर्गातल्या चार पोरांना देणार. मी औषधाच्या विरोधात नाही, अंदाजाच्या विरोधात आहे.

अंदाज वाढत चालायचं एक कारण आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. गेल्या काही वर्षांत नायटा पूर्वीसारखा राहिलेलाच नाही. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आपल्याकडं पसरली आहे, २०२० मधे जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव दिलं, नावातच इंडो आहे, आणि २०२३ मधे ती न्यूयॉर्कमधे सापडली तेव्हा अमेरिकेत बातमी झाली. आपल्याकडं मोठ्यांना डोस दुप्पट करायचा, महिने वाढवायचे हे स्किनचे डॉक्टर विचार करून, लिव्हरची तपासणी करून करतात. पण तो दुप्पट डोस लोकांच्या तोंडात बसला की घराघरात बारक्यांपर्यंत पोचतो, विचार आणि तपासणी मात्र पोचत नाही. आणि बुरशी जर औषधालाच दाद देत नसेल तर डोस वाढवून मुलाचं लिव्हर तेवढं झिजणार, नायटा तिथंच. तिथं औषध बदलायला लागतं, आणि घरातल्या सगळ्यांना एकदम उपचार, कपडे गरम पाण्यात, टॉवेल वेगळे, लंगोट उन्हात नाहीतर इस्त्रीखाली.

मोठ्या हॉस्पिटलांतलाही एक धोका थोडक्यात सांगतो, कारण २०२१ मधे म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, वेळी ॲम्फोटेरिसिन हे नाव सगळ्यांनी ऐकलं. ते दोन प्रकारचं येतं, साधं आणि लायपोसोमल, दोन्हीची कुपी ५० मिलिग्रॅमचीच मिळते. लायपोसोमल किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम देतात, साधं दिवसाला किलोमागं दीड मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. ऑर्डरवर नुसतं "ॲम्फोटेरिसिन" लिहिलं आणि साधी कुपी त्या मोठ्या डोसमधे गेली तर हृदय बंद पडू शकतं. कॅन्सरचं औषध घेणारी मुलं, काचेच्या पेटीतली कमी दिवसांची बाळं, अशांनाही हे औषध लागतं. ऑर्डरवर पूर्ण नाव आणि वजन, दोन्ही.

आणि चुकून मुलानं गोळ्या गिळल्याच तर? बोट घालून उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, झोपू देऊन "बघू सकाळी" करू नका. स्ट्रिप, बाटली जी असेल ती सोबत घ्या, किती गोळ्या होत्या आणि किती उरल्या ते मोजा, साधारण किती वाजता घेतल्या आणि वजन किती हे लक्षात ठेवा. मूल गुंगीत असेल, फिट आली असेल, श्वासाला त्रास असेल तर १०८. दिल्लीच्या एम्समधे विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, चोवीस तास, टोल फ्री १८०० ११६ ११७, तुमच्या डॉक्टरलाही तिथून सल्ला घेता येतो. एखादी जास्तीची गोळी गेली तर बहुतेक मुलांना मळमळ, पोटदुखी, चक्कर एवढ्यावर निभावतं, पण ते निभावणार का नाही हे घरी बसून ठरवायचं नाही.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे करायचं काय. पहिला आक्षेप मला माहीत आहे, डॉक्टरची फी कोण देणार, गगनबावड्याच्या वाडीवरून एका नायट्यासाठी कोल्हापूरला कोण येणार, एक दिवसाचा रोज बुडतो. खरं आहे, आणि ऊसतोडीला बीडकडून आलेल्या माणसांना तर कोपीत राहताना कुठला डॉक्टर आणि कसली फी. पण त्यावर उपाय म्हणून काउंटरवरून अंदाजानं गोळी देणं हा गरिबाच्या पोराला कमी दर्जाचं औषध देण्याचा प्रकार आहे, मला तो मान्य नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून आहेत, ती वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, मुलाचं वजन करतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत खरूज, बुरशी, एक्झिमा हे कातडीचे आजार अधिकृतपणे आहेत. म्हणजे माणूस आहे, वजनकाटा आहे, यादीही आहे. पावसाळ्यानंतर एक फेरी तालमींमधे, वसतिगृहांमधे आणि साखर कारखान्यांच्या तळांवर का होऊ नये?

दुसरा आक्षेप माझ्याच लोकांचा, की मी नाही दिली तर शेजारचा देईल. देईल, म्हणूनच नियम सगळ्यांना एकच पाहिजे. आज ह्या गोळ्या शेड्यूल एचमधे आहेत, चिठ्ठी लागते, पण नोंद कुणी तपासत नाही. १ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक आणि टीबीच्या औषधांना शेड्यूल एच-वन लागू झालं, त्यात वेगळं रजिस्टर ठेवायचं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपायचं. तसंच रजिस्टर बुरशीवरच्या पोटात घ्यायच्या औषधांना आणि स्टिरॉइडवाल्या ट्यूबांना लावा, त्यात १२ वर्षांखालच्या मुलासाठी एक वजनाचा रकाना टाका. लोक म्हणतील एच-वननं तरी अँटिबायोटिकची विक्री कुठं थांबली. पूर्ण थांबली नाही, मान्य. पण रजिस्टर असलं की मला गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायला आधार मिळतो, "मला लिहावं लागतंय दादा, वजन सांगा आणि चिठ्ठी आणा" एवढं म्हटलं की निम्मी माणसं भांडत नाहीत. आज मी तेच स्वतःच्या मनानं म्हटलं की मी शहाणपणा करणारा ठरतो आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

काउंटरखाली एक साधा वजनकाटा ठेवणं कुठल्याच दुकानाला जड नाही, मी ठेवलाय. पण तो दुय्यम, वजन चिठ्ठीवरच यायला पाहिजे. माझ्याकडं येणाऱ्या चिठ्ठ्यांवर नाव असतं, वय असतं, तारीख असते, काहींवर तर हॉस्पिटलच्या बोधचिन्हानं निम्मा कागद भरलेला असतो, वजनाची जागा बहुतेकांवर नसतेच किंवा कोरी असते. शहरातल्या आणि तालुक्यांतल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी पॅड छापायला टाकाल तेव्हा छापखानेवाल्याला वयाच्या शेजारी "वजन ... किलो" एवढी जागा टाकायला सांगा, आणि मूल समोर असताना ती भरा, म्हणजे चुकून जास्तीचा डोस लिहिला गेला तरी तो काउंटरवर माझ्या नजरेत येईल आणि मी तुम्हाला फोन करू शकेन.